‘मेड्युलरी’ हे दोन ओळींत संपणारं निदान नव्हे: नाशिकच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातील फॅमिली डॉक्टर, सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि लॅबचालक यांस,

स. न. वि. वि.

थायरॉइडच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट येतो. त्यात ‘मेड्युलरी कार्सिनोमा’ असे दोन शब्द असतात. तोवर ऑपरेशन झालेलं असतं, टाके सुकलेले असतात आणि रुग्ण थायरॉक्सिनची गोळी सुरू करून सटाण्याला किंवा सुरगाण्याला घरी गेलेला असतो. रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कपाटात. त्या रुग्णाला दोन मुलं असतात, तीन भावंडं असतात. त्यांना त्या दोन शब्दांचा अर्थ कळवणं हे कुणाचंच काम ठरलेलं नसतं. सर्जनना वाटतं कॅन्सरवाले सांगतील, कॅन्सरवाल्यांना वाटतं हार्मोनवाले सांगतील, आणि फॅमिली डॉक्टरच्या हाती तो रिपोर्ट पडतच नाही. हे पत्र त्या न ठरलेल्या कामाबद्दल आहे.

मेड्युलरीला पॅपिलरी या थायरॉइडच्या नेहमीच्या कर्करोगाच्या रांगेत बसवू नये. पॅपिलरी थायरॉइडच्या नेहमीच्या पेशींतून येतो. मेड्युलरी येतो सी-पेशींतून, म्हणजे कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशींतून. या पेशी आयोडिन ओढत नाहीत, म्हणून रेडिओआयोडिनचा डोस इथं वाया जातो. टीएसएच दाबून ठेवण्यासाठी थायरॉक्सिन वाढवण्यातही अर्थ नाही, नॉर्मल राहील एवढंच द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, साधारण चारातला एक मेड्युलरी आनुवंशिक असतो: १० व्या क्रोमोसोमवरच्या रेट जीनमधला बदल, ज्याचा मेन-२ शी (अनेक अंतःस्रावी ग्रंथींत गाठी करणाऱ्या आनुवंशिक आजाराशी; २ए आणि २बी हे त्याचे प्रकार) संबंध १९९३ मध्ये उलगडला. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

‘घरात कुणालाच नाही हो’ या उत्तरावर विसंबून रेट तपासणी टाळली जाते, तिथंच पहिली चूक होते. एकटा वाटणाऱ्या रुग्णांतही काही जणांच्या रक्तात हा बदल सापडतोच. म्हणून नियम सरळ आहे: मेड्युलरी निघाला की रेट तपासायचा, रुग्ण २५ वर्षांचा असो वा ७० चा. सत्तरीतल्या आजींची तपासणी आजींसाठी नसते, नातवंडांसाठी असते.

पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, आमची सगळ्यात मोठी विनंती तुम्हाला आहे. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ घाला: ‘रुग्णाची रेट जीन तपासणी आणि जवळच्या नातेवाईकांचं समुपदेशन सुचवले जाते.’ गाठी दोन्ही बाजूंना असतील, एकाहून जास्त असतील, किंवा आजूबाजूला सी-पेशींची वाढ दिसत असेल, तर ते ठळक लिहा. आनुवंशिकतेचा संशय त्यानं वाढतो. रिपोर्ट कुठल्याही तालुक्यात, कुणाच्याही टेबलावर उघडला जाईल तेव्हा ती ओळ तिथं असेल. सुईच्या तपासणीत शंका आली तर ऑपरेशनच्या आधीच रक्तातलं कॅल्सिटोनिन मागवा. ते ठिसूळ असतं: नमुना लगेच थंड करून, वेगळा काढून, गोठवून पाठवावा लागतो. दुपारभर बाकावर पडून राहिलेली ट्यूब खोटा कमी आकडा देते. उलट, बरेच दिवस पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्याचं कॅल्सिटोनिन थोडं वर दिसू शकतं. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

रेटमध्ये ‘बदल सापडला’ एवढं कळून भागत नाही, तो कुठल्या कोडॉनला (जीनमधल्या कुठल्या जागी) आहे यावर सगळं ठरतं. ९१८ असेल तर तो मेन-२बी, आणि बाळाची थायरॉइड पहिल्या वर्षातच काढायची शिफारस आहे. ६३४ असेल तर पाच वर्षांच्या आत किंवा पाचव्या वर्षी, कॅल्सिटोनिन पाहून. बाकीच्या बहुतेक बदलांत कॅल्सिटोनिन ठरावीक काळानं मोजत राहायचं आणि चढायला लागलं की काढायची. ही वयं मनमानीनं ठरवलेली नाहीत: ६३४ वाल्या घरात शाळकरी वयात गाठ सुरू झालेली असू शकते, आणि ती मानेच्या लिम्फ ग्रंथींत जाण्याआधी काढली तर मूल त्या कर्करोगातून सुटतं. आईबाप विचारतातच, ‘त्याला काहीच त्रास नाही, मग गळा कशाला कापायचा?’ त्यांना हा हिशेब शांतपणे, आकड्यांसह सांगावा लागतो. हेही सांगावं लागतं की गोळी आयुष्यभर घ्यायची, आणि ऑपरेशन लहान मुलांच्या थायरॉइडचा हात असलेल्या सर्जनकडेच करायचं, नाहीतर शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निघून जातात आणि पोराला कॅल्शियमच्या गोळ्यांचं आणखी एक ओझं होतं.

मेन-२बी मात्र बहुतेकदा नव्यानंच उद्भवलेला असतो, आईबापांत नसतो. म्हणून तिथं घराण्याचा इतिहास विचारून उपयोग नाही, मूल बघावं लागतं. बालरोगतज्ज्ञांनी आणि दंतवैद्यांनी हे चित्र डोळ्यांपुढं ठेवावं: जाडसर, गाठीगाठींचे ओठ, जिभेच्या टोकाला आणि कडेला मोहरीएवढे दाणे, हडकुळा उंच बांधा, जन्मापासूनचा बद्धकोष्ठ. बाळ रडतं पण डोळ्यांत पाणी येत नाही, ही खूण आई स्वतः सांगते आणि आपण ती मनावर घेत नाही. मेन-२ए च्या काही घरांत दोन खांद्यांच्या मधे वर्षानुवर्षं खाजणारा काळपट चट्टा असतो. त्वचारोगवाल्यांनी त्यावर मलम देता देता एकदा मानेला हात लावून बघावा.

आता भूलतज्ज्ञांसाठी. मेन-२ए मध्ये जवळपास निम्म्यांना कधी ना कधी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनलची गाठ, फिओक्रोमोसायटोमा, होते, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना. मेड्युलरीचा रुग्ण टेबलावर घेण्याआधी मेटानेफ्रिन (या गाठीच्या हार्मोनचा अंश) आणि कॅल्शियम पाहिल्याशिवाय सुरी लावू नका. फिओ निघाला तर आधी तो, मग गळा. उलट क्रमानं गेलं तर गळ्याला हात घालताच बीपी २५० च्या वर जातं आणि कारण टेबलावर कुणालाच ठाऊक नसतं. बाळंतपणाचंही तेच: बदल असलेल्या घरातली मुलगी दिवस राहण्याआधी, निदान सुरुवातीलाच, तपासली गेली पाहिजे.

कॅज्युअल्टीतली एक सवय इथं नडते. डोकं ठणकतंय, घाम फुटलाय, छाती धडधडतेय, उलटी होतेय, म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं जातं. फिओत त्यानंच झटका येऊ शकतो. डेक्सामेथासोननंही येतो. आणि धडधड थांबावी म्हणून नुसतं प्रोप्रॅनोलॉल दिलं तर बीपी आणखी चढतं, कारण बीटा रोखला आणि रक्तवाहिन्या आवळणारा अल्फा मोकळा राहिला. क्रम कधीच बदलायचा नाही: आधी अल्फा ब्लॉकर, ७ ते १४ दिवस, सोबत मीठ आणि भरपूर पाणी, मग गरज असेल तर बीटा. प्राझोसिन सुरू करायचं तर पहिला डोस लहान आणि रात्री आडवं होतानाच, नाहीतर रुग्ण पहाटे उठता उठता कोसळतो. बसून १३०/८० च्या खाली आणि उभं राहून वरचा आकडा ९० च्या वर, एवढं साधलं की टेबल लावायला हरकत नाही. गाठ काढल्यावर पहिल्या दिवशी साखर उतरते, ती बघत राहा. दोन्ही अ‍ॅड्रिनल गेल्या असतील तर हायड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर, आणि खिशात तसं लिहिलेलं कार्ड.

लॅबचालकांसाठी थोडं सविस्तर, कारण मेटानेफ्रिनच्या तपासण्या औषधापेक्षा डब्यामुळं जास्त बिघडतात. २४ तासांच्या लघवीचा डबा देताना तळाशी आम्ल घातलेलं असतं. रुग्णाला ते सांगितलेलं नसतं, म्हणून तो ‘वास येतोय’ म्हणून डबा धुऊन टाकतो. दुसरा थेट डब्यात लघवी करतो आणि शिंतोडा मांडीला पोळतो. म्हणून डब्याबरोबर एक प्लॅस्टिकचा मग द्या, त्यात करून डब्यात ओतायला सांगा, आणि डब्यावर मराठीत ठळक लिहा: ‘आत आम्ल आहे, धुऊ नका.’ सकाळी ६ ला उठल्यावरची पहिली लघवी संडासात टाकायची. त्यानंतरची प्रत्येक डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ची सुद्धा. डबा सावलीत, गार जागी. दुसऱ्या दिवशी एकूण किती मिली भरली ते लिहायचं आणि क्रिएटिनिनही मोजायचं. क्रिएटिनिन फारच कमी आलं तर दोन-तीन वेळची लघवी शेतात गेली असं समजून तपासणी पुन्हा करा. रक्तावर करायची असेल तर रुग्ण २० ते ३० मिनिटं आडवा पडलेला असावा. बाकावर बसवून काढलेल्या रक्ताचे आकडे फुगलेले येतात, आणि मग विनाकारण सीटी स्कॅन होतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या, सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, काही पद्धतींत पॅरासिटामॉलसुद्धा आकडा बिघडवतं. नमुन्याच्या फॉर्मवर चालू गोळ्यांचा रकाना ठेवा.

मेन-१ हा याच कुळातला दुसरा आजार, त्याची गोष्ट वेगळी. वैद्यकीय परीक्षेला त्यातल्या गाठींच्या जागा म्हणून तीन ‘पी’ घोकून आपण सगळेच पास झालो: पॅराथायरॉइड, पिट्यूटरी, पॅन्क्रियाज. पण ओपीडीत पेशंट ‘पी’ घेऊन येत नाही, मुतखडा घेऊन येतो. निफाड-येवल्याच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला खडा झाला की बोअरच्या क्षाराच्या पाण्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी दुसऱ्यांदा खडा झालेल्या प्रत्येकाचं कॅल्शियम आणि अल्ब्युमिन एकदा बघा, आणि चाळिशीच्या आतल्याचं तर पहिल्याच खेपेला. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्याला ०.८ नं गुणून ते कॅल्शियममध्ये मिळवायचं. दंडाला पट्टा आवळून मूठ उघड-मीट करवून काढलेल्या रक्तात कॅल्शियम उगाच वाढलेलं दिसतं. ते खरोखरच वर असेल तर पीटीएच (कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइडचं हार्मोन) मागवा, आणि इथं नीट थांबा: कॅल्शियम ११ असताना पीटीएच ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसलं तर ते नॉर्मल नाही. त्या वेळी ते दबलेलं असायला हवं होतं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचं पीटीएच काही मशीनवर खोटं कमी येतं, म्हणून ते दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. लघवीतलं कॅल्शियमही बघायला विसरू नका. कॅल्शियम-क्रिएटिनिन क्लिअरन्सचं गुणोत्तर ०.०१ च्या खाली असेल तर तो बहुधा दुसराच, निरुपद्रवी आनुवंशिक प्रकार असतो आणि त्यात ऑपरेशन करायचंच नसतं. घराण्यात चौघांचं कॅल्शियम वर आहे म्हणून चौघांचे गळे कापायचे नसतात.

पॅराथायरॉइडचा आजार तिशीच्या आत निघाला तर मेन-१ चा विचार आधी. पॅराथायरॉइडचा सेस्टामिबी स्कॅन एकच गाठ दाखवतो, सर्जन ती एक काढतो, आणि काही वर्षांनी कॅल्शियम पुन्हा वर. कारण मेन-१ मध्ये चारही ग्रंथी बिघडलेल्या असतात. साडेतीन काढून अर्धी ठेवायची आणि मानेतून थायमसही काढायचा, हे निदान आधी झालं असेल तरच सुचतं. वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल खाऊनही न जाणारा अल्सर, सोबत जुलाब, म्हणजे गॅस्ट्रिनोमाची (जठरातलं आम्ल वाढवणाऱ्या गाठीची) शंका. पण गोळी एकदम बंद करून तपासायला जाऊ नका, अल्सर फुटतो. पहाटे उपाशीपोटी बरळणारा, साखर दिली की ताळ्यावर येणारा माणूस आकडीचा पेशंट ठरतो, क्वचित देवऋषीकडेही जातो. त्या क्षणाला ग्लुकोमीटर लावलेला असेल तर इन्सुलिनोमाचा (इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीचा) धागा तिथंच हाती लागतो. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे बदल असलेल्या मुलांची प्रोलॅक्टिन आणि उपाशीपोटीच्या साखरेची तपासणी ५ व्या वर्षापासून, कॅल्शियम-पीटीएच ८ व्या वर्षापासून, दर वर्षी.

फिओशी जोडलेल्या व्हीएचएल आणि एसडीएच या दुसऱ्या जीनबद्दल इथं एवढंच: फिओ किंवा पॅरागँग्लिओमा (अ‍ॅड्रिनलबाहेरची तशीच गाठ) निघालेल्या प्रत्येकाला जीन तपासणी सुचवा, कारण त्यांतल्या साधारण तिघांपैकी एकात आनुवंशिक बदल असतो. आणि एसडीएचडी मध्ये एक चकवा आहे. बदल वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा होत नाहीत, पण तो मुलगा पुढं आपल्या लेकरांना मात्र तो देऊ शकतो. ‘आजार एक पिढी गाळून आला’ असं लोक म्हणतात ते कधीकधी अक्षरशः खरं असतं.

वंशावळीच्या बाबतीत नाशिककर तसे भाग्यवान. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या की पणजोबांच्या वरची नावं निघतात. पण ती वंशावळ बापाकडून बापाकडे चालते, आणि आपलीही केसपेपरवरची चौकशी नकळत तशीच चालते. इथं मामा, मावशी, आत्या, बहिणीची मुलं तितकीच महत्त्वाची. लग्नानंतर आडनाव बदललं की ती फाइलमधून गळतात, म्हणून प्रत्येक स्त्रीचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहा. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात नवरा-बायको दोघांतही तोच बदल असू शकतो. मग मुलाची शक्यता निम्मी राहत नाही, चारात तीन होते. आणि ‘घरात कुणाला कॅन्सर?’ असं विचारूच नका, उत्तर ‘नाही’ असंच येतं. विचारा: मानेवर आडवा व्रण कुणाला आहे? खडे पुन्हापुन्हा कुणाला होतात? तिशीच्या आत बीपी कुणाला लागलं? टेबलावर किंवा बाळंतपणात अचानक कोण गेलं? तीन पिढ्यांचं झाड काढायला १० मिनिटं लागतात. रुग्णापेक्षा सोबत आलेली आत्या जास्त सांगते.

जीन तपासणीचा क्रम चुकला की पैसे आणि विश्वास दोन्ही जातात. आधी आजारी माणूस तपासायचा, निरोगी पोरगा नव्हे. आजारी माणसातला बदल माहीत नसताना मुलाचा रिपोर्ट ‘काही सापडलं नाही’ असा आला, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही, पण घर मात्र निर्धास्त होतं. ३ ते ५ मिली रक्त, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, उपाशी असण्याची गरज नाही, गोठवायचं नाही. रेटमध्ये १०, ११, १३, १४, १५, १६ हे एक्सॉन (जीनचे तुकडे) मुख्य. मेन-१ मध्ये बदल कुठंही असू शकतो, म्हणून अख्खा जीन वाचायचा आणि मोठा तुकडा गळालाय का हेही तपासायचं. गाठीच्या तुकड्यावरची तपासणी रक्ताची जागा घेत नाही, कारण गाठीतला बदल त्या गाठीपुरताच असू शकतो. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्यावर मुलाचं ऑपरेशन ठरवू नका. एकदा पक्का बदल सापडला की नातेवाईकांची फक्त ती एक जागा तपासावी लागते, आणि ते पुष्कळ स्वस्तात होतं. ज्याच्यात तो नाही तो आणि त्याची पुढची पिढी या फेऱ्यातून मोकळी. ही बातमी द्यायलाही लोक विसरतात. परळच्या टाटा किंवा केईएमला, टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेकला पेशंट पाठवताना काढलेलं झाड आणि मूळ बायोप्सी रिपोर्ट सोबत द्या, नाहीतर कसाऱ्याचा घाट दोनदा उतरावा लागतो.

नातेवाईकांना आपण परस्पर फोन करायचा नाही, रुग्णाचं गुपित आहे. मुलीची स्थळं यायची बंद होतील ही भीती खरी असते, वॉर्डात चार जणांसमोर हा विषय काढू नये. विम्याची भीती असेल तर सांगा की जनुकीय आजार म्हणून सरसकट दावा नाकारणं भेदभावाचं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच म्हटलं आहे. निरोप रुग्णच नेईल, पण तो आपण लिहून द्यायचा. ‘भावंडांना सांगा हं’ एवढं तोंडी सांगितलं तर घरी पोचेपर्यंत त्याचं ‘थायरॉइड चेक करा’ होतं, मग भाऊ टीएसएच करतो, तो नॉर्मल येतो आणि विषय संपतो. म्हणून लेटरहेडवर, मराठीत, असं काहीतरी:

‘आमच्या घरात रेट जीनच्या कोडॉन ६३४ मध्ये बदल सापडला आहे. सोबत रिपोर्टची झेरॉक्स आहे, त्यावरची खूण केलेली इंग्रजी ओळ लॅबला जशीच्या तशी दाखवा. हा बदल आई किंवा वडिलांकडून मुलग्याला वा मुलीला सारख्याच शक्यतेनं जातो. तपासणी साध्या रक्तावर होते. टीएसएच तपासून हे कळत नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर थांबू नका. कुणाचं कसलंही ऑपरेशन किंवा बाळंतपण ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे पत्र आधी दाखवा.’

भावंडं जितकी, तितक्या प्रती. सहा महिन्यांनी रुग्ण परत आला की झाड पुढं घ्या आणि कुणापर्यंत प्रत पोचली त्या नावापुढं खूण करा.

आणि जुन्यांचं काय? बहुतेक लॅबचे रिपोर्ट आता कॉम्प्युटरवर असतात. मागच्या १० वर्षांत ‘मेड्युलरी’ हा शब्द किती वेळा आला ते शोधायला एक दुपार पुरते. नावं फार निघणार नाहीत. ती ज्या सर्जननी पाठवली होती त्यांच्याकडे परत पाठवा. सर्जननी त्या रुग्णाला एक फोन करून विचारावं: मुलं किती, आणि धाकटं कितव्या वर्षाचं?

आपले,
अंतःस्रावी ग्रंथींच्या आनुवंशिक गाठींवर काम करणारे नाशिकमधील काही डॉक्टर व समुपदेशक